सात फूट चार इंचांची गल्ली

भाईंदर (पूर्व),
रविवार, १४ जून १९९८

आदरणीय दाजींच्या सेवेशी,

बापूरावचा सप्रेम जय भीम. तुमचं दहा तारखेचं पत्र काल दुपारी पोचलं. शाळा उघडेपर्यंत गुडघा वर्गात उभं राहण्याजोगा होईल असं डॉक्टर म्हणाले, हे वाचून बरं वाटलं (तरी खुर्चीत बसून शिकवलं म्हणून कोणी मुख्याध्यापक कमी होत नाही, एवढं मेहुणा म्हणून बोलतो). तुळसाताईची दाढ काढली त्या दिवशी ती काही बोलली नाही आणि घर सुनं सुनं वाटलं, असं तुम्ही लिहिलंत. ते वाक्य आमच्या सौ. चंपाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दाजी वाटतात तेवढे कडक नाहीत. मी काही मान डोलावली नाही, कारण मॅट्रिकचं गणित तिला नव्हे, मला तुम्ही शिकवलंत. इकडे आम्ही सर्व ठीक आहोत. पाणी एक दिवसाआड येतं, पण आलं की जोरात येतं.

पत्रातला मुख्य मुद्दा मी दोनदा वाचला. संघप्रियाचं डी.एड.ला नाव लागलं, बावीस तारखेच्या आत तिला वसमतला पोचती कर. तुम्ही बाप, ती तुमची धाकटी लेक, तुमचा शब्द माझ्याकडे शेवटचा. त्याबद्दल खाली लिहितोच. पण त्याआधी मुलीने इथे दहा महिने काय केलं, हे मामा या नात्याने तुम्हाला कळवणं भाग आहे. तुम्ही तिला माझ्याकडे टायपिंग शिकायला पाठवलंत. टायपिंग चालू आहे. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट चालू आहे, ती अशी.

स्टेशनजवळचा तो टायपिंगचा क्लास तुम्ही पाहिलाच आहे. दिवाळीनंतर मालकाने टाइपरायटरांची अर्धी रांग उचलली, मधे काच घातली आणि काचेपलीकडे नऊ कॉम्प्युटर मांडले. तिथे चपला बाहेर काढाव्या लागतात (विहारात जावं तशी मुलं पाय पुसून आत जातात, आणि आतला गारवा असा की मी मफलर नेतो). दुपारी मशीनं रिकामी असतात तेव्हा मृणालिनी मॅडम म्हणून एक बाई तिथे चित्रं शिकवतात. बाई पंचेचाळिशीच्या, आवाज हळू, पण चूक लगेच दिसते त्यांना. एकदा आपली संघप्रिया टायपिंगचा कागद चढवता चढवता काचेतून बघत राहिली. मॅडमनी तिला आत बोलावलं आणि विचारलं, काय दिसतंय? ही म्हणाली, त्या मुलाने डोंगर काढलाय, पण तो झाडाला चिकटलाय. मॅडमनी तिला त्याच खुर्चीवर बसवलं.

दाजी, हे चित्र म्हणजे फूल, फळ, मोर यांतलं काही नव्हे. इथे जागा रंगवायची असते. खाडी, पूल, गल्ली, पडका बुरूज. माणूस त्यात नसला तरी चालतो, पण आपण उठून त्या चित्रात चालत जाऊ असं वाटलं पाहिजे. टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये मागे जे गाव असतं, ते असंच कोणीतरी बसून केलेलं असतं (मी समजत होतो ते आपोआप येतं). मॅडम दोनच गोष्टी घोटून घेतात, खोली आणि मांडणी. खोली म्हणजे जवळचं जवळ वाटलं पाहिजे आणि लांबचं लांब. मांडणी म्हणजे बघणाऱ्याची नजर कुठून शिरली आणि कुठे जाऊन थांबली. त्यासाठी रोज सहा चित्रं काढायची, प्रत्येक काडेपेटीएवढं, आणि रंग तीनच: काळा, करडा, पांढरा. आपल्या मुलीने एकही दिवस चुकवला नाही. ताप होता त्या दिवशी पडल्या पडल्या काढली. सवयीप्रमाणे मी त्यांना अनुक्रमांक देत गेलो, काल रात्रीपर्यंत एक हजार दोनशे चौदा झाली.

आता माझी अडचण समजून घ्या. तेहतीस वर्षं मी भूमी अभिलेखात जमिनी मोजल्या. नकाशात लांबचं शेत फिकट नसतं. पाटलाचा गट आणि विधवेचा गट एकाच शाईने, एकाच जाडीच्या रेषेने काढायचा, यात माझी सगळी नोकरी गेली आणि त्याचा मला अभिमान आहे. त्यामुळे संघप्रियाने वरसाव्याचा पूल काढला आणि तो अलीकडच्या झोपडीपेक्षा लहान दिसला, तेव्हा मी तिच्या वहीत लाल पेनने ‘प्रमाण चुकले’ असं लिहिलं. ती रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, मामा, तुमच्या नकाशात बघणारा माणूस कुठे उभा असतो? मी दोन दिवस विचार केला. कुठेच नसतो. तेहतीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मी त्याला कचेरीबाहेर काढलं असतं.

मग मलाही ते शिकावंसं वाटलं. मॅडमनी परवानगी दिली. माउस म्हणून जी वस्तू असते ती मी आधी इस्त्रीसारखी फिरवली, टेबल संपल्यावर हातात धरून उभा राहिलो. त्यातून सावरलो. मग रंग ओतायची बादली असते, त्या चित्रावर क्लिक केलं की आखलेल्या जागेत रंग आपोआप भरतो. संघप्रियाने आठवडाभर खपून एक गाव केलं होतं, त्याचं आभाळ मी भरायला घेतलं. निळा रंग ओतला. तो आभाळातून उतरला, कौलांवरून आला, विहिरीत गेला, गुरांसकट अख्खं गाव निळं झालं. कारण एका कौलाच्या रेषेत टाचणीच्या टोकाएवढी फट राहिली होती. हद्द उघडी राहिली की काय होतं हे मी जन्मभर शेतकऱ्यांना सांगत आलो, पण एवढ्या लवकर कधी पाहिलं नव्हतं. मी कपाळाला हात लावला. मुलीने एक कळ दाबली आणि गाव जसंच्या तसं परत आलं. दाजी, ती सोय आपल्या खात्यात असती तर मी साहेब म्हणून निवृत्त झालो असतो.

मे महिन्यात मॅडमनी सांगितलं, खरी जागा बघून या, तिथे बसून कच्चं काढा, मग कॉम्प्युटरवर पक्कं करा. अंधेरीच्या एका कंपनीला त्यातलं एक चित्र दाखवायचं होतं. हिने पाली निवडलं. पाली हे उत्तनच्या अंगाचं कोळ्यांचं गाव, भाईंदर पश्चिमेहून बसने डोंगरीवरून जावं लागतं. परक्या गावात मुलीला एकटी कुठे पाठवायची, म्हणून मी बरोबर गेलो. आणि मी बाहेर पडलो की पिशवीत मोजायची फीत असतेच (निरोपाला साहेबांनी घड्याळ दिलं, फीत मी न विचारता ठेवून घेतली, हे आपल्यातच ठेवा). तिथे एक गल्ली सरळ समुद्रावर उतरते. दोन्ही बाजूला घरं, पुढे ओटे, ओट्यावर जाळी, मधे कुठे कुठे स्कूटर. वरच्या पायरीवर बसून हिने काढायला सुरुवात केली. अर्ध्या तासाने मी डोकावलो. अलीकडे गल्ली वीतभर आणि पलीकडे नखाएवढी. मी म्हटलं, बाई, गल्ली सरळ आहे, निमुळती नाही. ती म्हणाली, मामा, मला निमुळतीच दिसतेय. दिसण्यावर विसंबून मी कधी कोणाचा बांध घातला नाही, म्हणून फीत काढली. अलीकडे भरली सात फूट. पलीकडे उतरलो, समुद्राच्या टोकाला फीत धरली आणि तिथून ओरडून सांगितलं की लिहून घे, सात फूट चार इंच, उलट चार इंच जास्तच आहे.

हे माझं वाक्य अख्ख्या गल्लीने ऐकलं. रस्ता रुंद होणार अशी कुजबुज तिथे आधीपासून होती म्हणे. शेवटच्या घरातून सरूबाई नावाच्या एक बाई बाहेर आल्या, हाताला मासळीची खवलं, आणि त्यांनी माझ्या फितीवर पाय ठेवला. “कोन हाव तुमी? गल्ली कशाला मोजताव? हा ओटा माझ्या सासऱ्याच्या टायमाचा हाय, हलाचा न्हाय.” मी सांगितलं की मी सरकारी माणूस नाही, म्हणजे होतो, पण आता नाही. या खुलाशाने काम जास्त बिघडलं. पाच मिनिटांत तीस-चाळीस माणसं जमली. कोणी घरपट्टीच्या पावत्या आणल्या, कोणी लाइटचं बिल, एकाने स्वतःच्या लग्नाची पत्रिका आणली कारण तिच्यावर पत्ता छापला होता. एक जण गल्ली रुंद दिसावी म्हणून स्कूटर ढकलत थेट स्वयंपाकघरात घेऊन गेला. मी म्हटलं, आम्ही नुसतं चित्र काढतोय. सरूबाई म्हणाल्या, “चितर काढाला टेप कशाला लागते?”

तेव्हा आपली संघप्रिया उठली. वसमतला पाहुणे आले की न्हाणीत लपून बसायची तीच ही मुलगी. त्या गर्दीतून ती सरळ सरूबाईंपुढे गेली आणि वही उघडून धरली. सगळे वाकले. आता भीती गेली आणि भांडण सुरू झालं, कारण प्रत्येक जण आपलं घर शोधू लागला. अलीकडचं घर सरूबाईंच्या जावेचं, त्याचं कौल न् कौल मोजून घ्यावं इतकं स्पष्ट. सरूबाईंचं घर पार टोकाला, फिकट, तांदळाएवढं. “जावेचं घर एवरं, नि माझं एवरंसं? माझं घर काय पडलं हाय?” मी मनात म्हटलं, बरोबर आहे, हेच मी सहा महिने सांगतोय. संघप्रिया वाद घालत बसली नाही. तिने सरूबाईंचा तो खवलं लागलेला हात धरला, त्यांना वर नेऊन आपल्या पायरीवर बसवलं आणि म्हणाली, मावशी, एक डोळा मिटा, अंगठा पुढे धरा, आता घर झाकून बघा. सरूबाईंनी धरला. त्यांचं अख्खं घर, ओटा, सासऱ्याचा टाइम, सगळं अंगठ्यामागे गेलं. मग त्या समुद्रातल्या होड्यांकडे बघत म्हणाल्या, “होरी परत येते तवा पन टिकलीएवरीच दिसते. तरी आमची हाय ते मना कलतं.” जे मला एवढ्या नोकरीत उमगलं नाही ते त्या बाईला एका अंगठ्यात समजलं, आणि समजावणारी आपली पोर होती. मला तेव्हा तिचा इतका अभिमान वाटला की मी फीत गुंडाळायच्या निमित्ताने मान खाली घातली.

सरूबाईंनी जाताना एकच मागितलं. “माझ्या दारान कायतरी लाव, वलखू आलं पायजे.” त्यावर ती मुलगी दोन दिवस विचार करत होती, जेवताना ताटाकडे लक्ष नाही. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर तिने सरूबाईंच्या दाराशी दोरीवर एक लाल लुगडं वाळत घातलं. केवढं? माझ्या करंगळीच्या नखाएवढं. बाकी सगळी गल्ली राखाडी, तपकिरी, सावलीतली. आता चित्र उघडलं की नजर जावेच्या कौलांवरून घसरते, जाळ्यांच्या कडेने उतरते आणि थेट त्या लाल ठिपक्यावर जाऊन थांबते, तिथून पुढे समुद्र. मॅडमनी ते एकदा जवळून पाहिलं, एकदा लांबून. मग म्हणाल्या, हिला मी आता काय शिकवू?

यानंतर जे झालं ते लिहिताना मला लाज वाटते. क्लासच्या मशीनवर कोणाचं काम ठेवत नाहीत, म्हणून चित्र फ्लॉपीत भरलं. फ्लॉपी म्हणजे पातळ चौकोनी डबी, तिला ऊन नको, धूळ नको, वाकवायची नाही. मी म्हटलं, माझ्याकडे दे, सरकारी नकाशे मी सांभाळलेत. आणि घरातली सर्वात सुरक्षित जागा म्हणून ती माझ्या होकायंत्राच्या कातडी पेटीत ठेवली, होकायंत्रासकट, वर रुमाल घालून. कंपनीत जायच्या दोन दिवस आधी क्लासमध्ये उघडली तर आत काही नाही. मॅडमनी पेटी बघितली आणि शांतपणे विचारलं, काका, यात लोहचुंबक असतं ना? दाजी, मी पुण्याच्या साहेबांच्या शिव्या खाल्ल्या आहेत, पण त्या एका प्रश्नाइतकं मला कधी लागलं नाही. संघप्रिया एवढंच म्हणाली, मामा, मला ती गल्ली पाठ आहे. मॅडमनी रविवारी क्लास उघडून दिला, आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सात मुलगी खुर्चीवरून हलली नाही. मी शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन बसलो, कशालाही हात न लावता. दुसऱ्या वेळचं चित्र पहिल्यापेक्षा चांगलं झालं. मधल्या तीन स्कूटर तिने गाळल्या, म्हणाली, त्या नजरेला अडवत होत्या.

कंपनीत तिघे जण होते. त्यांतल्या वयस्कराने चित्र बघता बघता खुर्ची पुढे ओढली, जणू गल्लीत उतरणार, आणि विचारलं, “ये लाल साडी किसकी है?” ही म्हणाली, “सरूबाई की. घर दूर है, इसलिए.” एवढंच बोलणं झालं. त्यांनी तिला एक वर्ष शिकायला आणि काम करायला घेऊ असं सांगितलं, एक जुलैपासून. खाली येऊन मी उसाचा रस पाजला, तर तिने अर्धाच घेतला.

कारण तोवर डी.एड.ची यादी लागल्याची तार आली होती. दाजी, मास्तरकी लहान गोष्ट आहे असं मी सात जन्मांत म्हणणार नाही. आपल्या दोन्ही घरांत खडू पहिल्यांदा तुमच्या हातात आला, आणि तुम्ही मला ओढून शाळेत नेलं नसतं तर मी आज दुसऱ्याच्या बांधावर गवत कापत असतो. मुलीलाही ते ठाऊक आहे. तिने तुमचं पत्र वाचलं, ट्रंक भरली, वह्या सगळ्यात खाली ठेवल्या. रडली नाही, आणि म्हणूनच चंपा दोनदा रडली. तर तुमच्या आज्ञेप्रमाणे मी तिला घेऊन एकवीस तारखेला सकाळी वसमतला पोचतो. नांदेडच्या गाडीची तिकिटं काढली आहेत. काळजी नसावी. ताईला नमस्कार, तिच्या दाढेच्या जागी लवंग धरायला सांगावं.

तुमचा आज्ञाधारक,
बापूराव

ता. क. टायपिंग चालू आहे असं वर लिहिलं, ते नोव्हेंबरपासून बंद आहे. तिला सांगितलं मी, की सध्या दाजींना कळवायला नको. दोष माझा.

ता. क. २. तिकिटं काढली असंही लिहिलं आहे. खिडकीपर्यंत गेलो होतो, रांगेत माझा नंबरही आला होता. मग परत आलो.

ता. क. ३. सोबत कंपनीचा एक कागद आहे. त्यावर पालकाची सही लागते, पंचवीस तारखेच्या आत. मॅडम म्हणाल्या, मामाची चालेल. मी पेनचं टोपण काढलं होतं. संघप्रियाने कागदावर हात ठेवला आणि म्हणाली, बाबांनी केली तरच, नाहीतर मी डी.एड.ला जाते आणि चांगली शिकवेन. ती खरंच चांगली शिकवेल, हीच माझी पंचाईत आहे. दाजी, मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. ही सही मागतो.

ता. क. ४. हे पत्र एवढं लांबवायचं मला सुचलेलं नाही. तुळसाताईचं गेल्या आठवड्यात वेगळं पत्र आलं. तिला सगळं नोव्हेंबरपासून माहीत आहे. तिने लिहिलं की तुझे दाजी पत्र वाचायला घेतात तेव्हा रागात असतात, दुसऱ्या पानावर चहा मागतात आणि चहा संपेपर्यंत निवळतात, म्हणून मुद्दा अगदी शेवटी घाल. तर चहा संपला असेल. बशीशेजारी तिने पेन ठेवलं असेल, आणि ती दारात उभी असेल. तिच्याकडे न बघता सही केलीत तरी चालेल.